नोटिशीवरचं कलम आधी वाचा: एनसीपासून समरीपर्यंतचे फौजदारी शब्द

प्रश्न कळव्यातल्या एका ताईंचा आहे. इमारतीत पार्किंगवरून भांडण झालं, हाणामारी झाली, त्यात वडिलांचा पुढचा दात तुटला. त्याच रात्री त्या पोलीस ठाण्यात गेल्या, तर हातात एनसीची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची, पावती मिळाली. चार दिवसांनी शेजाऱ्यांच्या फिर्यादीवरून धाकट्या भावावर गुन्हा दाखल झाला आणि आता ‘कलम ३५(३)’ची नोटीस आली आहे. त्या विचारतात: आमची एनसी आणि त्यांचा एफआयआर, असं का? भावाला अटक होईल का? अटकपूर्व जामीन घ्यावा का? चार्जशीट म्हणजे काय, ते कधी येतं? आणि दोन्ही घरांचं जुळलं तर केस मागे घेता येईल का?

ताई, नोटिशीवरची कलमांची ओळ तुम्ही जशीच्या तशी उतरवून पाठवलीत हे फार चांगलं केलंत: ‘भा.न्या.सं. कलम ११८(१), ११५(२), ३५२, ३(५)’. ठाण्याच्या कोर्टात इतकी वर्षं फौजदारी कामं करतोय, येणारा जवळजवळ प्रत्येक जण ‘साहेब, केस किती मोठी आहे’ असंच विचारतो आणि कलम कोणतं म्हटलं की गप्प होतो. भांडणात किती माणसं जमली, कोण किती ओरडलं, यावर केस मोठी की लहान हे ठरत नाही. ते कलमावर ठरतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या शेवटी पहिली अनुसूची म्हणून एक लांबलचक तक्ता आहे. त्यात प्रत्येक कलमापुढे शिक्षा किती, गुन्हा दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, आणि खटला कोणत्या कोर्टात चालेल, एवढं दिलेलं असतं. ठाणे अंमलदार, वकील आणि मॅजिस्ट्रेट तिघंही तोच तक्ता बघतात. तो नेटवर फुकट मिळतो. तुम्हीही उघडा.

आधी आकड्यांचा गोंधळ मिटवू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला आजही जुनं दंड विधानच लागतं, म्हणून कोर्टात दोन्ही आकडे कानावर पडतील. तुमच्या नोटिशीतलं ११८(१) म्हणजे जुनं ३२४, धोकादायक हत्याराने दुखापत. ११५(२) म्हणजे जुनं ३२३, साधी दुखापत. ३५२ म्हणजे जुनं ५०४, चिडवण्यासाठी केलेला अपमान, साध्या भाषेत शिवीगाळ. आणि ३(५) हा वेगळा गुन्हाच नाही. ते जुनं ३४, समान इरादा. दोघांनी मिळून केलं असा आरोप असला की ते जोडतात. ज्याने हात उचलला नाही पण जो बरोबर होता, तोही याच आकड्यामुळे आरोपी होतो. एका आकड्याबाबत विशेष सांभाळा: ४८२. पूर्वी हे कलम उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घेण्याचं होतं, आता अटकपूर्व जामिनाचं आहे, आणि गुन्हा रद्द करण्याचं कलम ५२८ झालं आहे. जुन्या माहितीवर सल्ला देणारे नातेवाईक इथे हमखास घोळ घालतात.

आता एनसी. दखलपात्र गुन्हा म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाच्या परवानगीवाचून तपास सुरू करू शकतात आणि वॉरंट नसताना अटक करू शकतात. त्याची पहिली खबर म्हणजे एफआयआर. तिला आपण फिर्याद म्हणतो, ती देणारा फिर्यादी आणि तिला मिळणारा नंबर म्हणजे गु.र.नं. अदखलपात्र गुन्ह्यात पोलीस फक्त नोंद घेतात, ती एनसी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तिचा तपास करता येत नाही. तेव्हा ‘एनसी देऊन महिना झाला, पोलिसांनी काहीच केलं नाही’ या तक्रारीत पोलिसांचा दोष असतोच असं नाही. अमलदाराने ११५(२) आणि ३५२ लावलं असेल तर दोन्ही कलमं अदखलपात्र आहेत, एनसीच होणार. शेजाऱ्यांच्या फिर्यादीत मात्र रॉडचा उल्लेख आला, ११८(१) लागलं आणि ते दखलपात्र आहे. एकाच घटनेत एक कलम दखलपात्र असलं की सगळं प्रकरण दखलपात्र धरतात. म्हणून तुमच्या हातात एनसी आणि त्यांच्या हातात एफआयआर.

पण तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे आणि ती तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. वडिलांचा दात तुटला आहे. न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये जबर दुखापत कशाला म्हणायचं त्याची यादी आहे. हाड किंवा दात मोडणं वा निखळणं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. वर्तमानपत्रातल्या ‘गंभीर जखमी’शी त्याचा संबंध नाही. रक्ताने शर्ट भिजला तरी कायद्याने ती साधी दुखापत असू शकते आणि रक्ताचा थेंब न येता करंगळीचं हाड मोडलं तर ती जबर दुखापत. मारणाऱ्याचा तसा इरादा होता किंवा तसं होऊ शकतं याची त्याला जाणीव होती, हे पुढे सिद्ध करावं लागतं. पण गुन्हा नोंदवण्यापुरतं बघितलं तर जबर दुखापतीचं कलम ११७(२) लागतं आणि ते दखलपात्र आहे.

त्या रात्री पोलीस ठाण्यातून मेडिकल यादी, म्हणजे तपासणीसाठी रुग्णालयाच्या नावे पोलिसांचं पत्र, देऊन वडिलांना कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात पाठवलं असेल, तर तिथे एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरणातल्या जखमीची, नोंद झालेली असणार. डॉक्टरांचं जखमेचं प्रमाणपत्र मागवा. त्यात दाताची नोंद आणि ‘साधी’ की ‘जबर’ हा शेरा बघा. यादीशिवाय परस्पर खासगी दंतवैद्याकडे गेला असाल तर त्याचे कागद आणि एक्स-रे जपून ठेवा. मग हे सगळं जोडून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, की एनसीतल्या घटनेत जबर दुखापत आहे, गुन्हा दाखल करावा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, तारीख आणि शिक्का असलेली. दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर नोंद करणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये सांगितलं आहे. नव्या कायद्यात एवढाच बदल आहे, की तीन वर्षं ते सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. ११७(२) ला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणून ती सवड इथे नाही. तरीही नोंद झाली नाही तर पोलीस उपायुक्तांकडे अर्ज, आणि तिथेही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटकडे कलम १७५(३) खाली अर्ज. या पायऱ्या क्रमानेच चढाव्या लागतात. मधली गाळून आलेला अर्ज कोर्ट परत पाठवतं.

तुमच्या फिर्यादीवरूनही गुन्हा नोंदला गेला तर दोन्ही मिळून क्रॉस केस होते. त्याला घाबरू नका. एका घटनेच्या दोन्ही बाजू एकाच न्यायाधीशापुढे यायला त्यानेच वाट होते.

आता अटक. ज्या गुन्ह्यांना सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्यांत पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, अटकेची गरज का आहे ती कारणं लिहायची, आणि गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची. अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बजावलं. ती नोटीस पूर्वी ४१अ ची होती, आता ३५(३) ची. ११८(१) ची शिक्षा तीन वर्षांपर्यंत किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, म्हणून भावाला नोटीस आली. ही नोटीस म्हणजे अटकेची पहिली पायरी नव्हे. ती पाळली, दिलेल्या वेळी हजर राहिला, तर वेगळी कारणं लिहिल्याशिवाय त्याला अटक करता येत नाही. न पाळली तर मात्र करता येते. नोटीस हातात मिळाली पाहिजे. नुसत्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली चालत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपवर आली म्हणून भावाने घरी बसून राहावं असा सल्ला मी कधीच देणार नाही. जावं, आणि तिथे रीतसर प्रत मागून घ्यावी.

‘ताब्यात घेतलं’ आणि ‘अटक केली’ हे बातमीत एकाच अर्थाने छापतात. घरच्यांनी मात्र थेट विचारावं: अटक दाखवली आहे का, किती वाजता? अटकेपासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावंच लागतं. अटकेची कारणं लेखी, आरोपीला समजेल अशा भाषेत द्यावी लागतात. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. मराठी माणसाला मराठीत कागद मागण्याचा हक्क आहे आणि तो प्रत्येकाने बजावावा असं मला मनापासून वाटतं.

हजर केल्यावर रिमांड, म्हणजे कोर्टाने कोठडीत ठेवण्याचा दिलेला आदेश. पोलीस कोठडी, म्हणजे कोर्टाच्या बोलीत पीसीआर, यात आरोपी तपास अधिकाऱ्याच्या हाती असतो. न्यायालयीन कोठडी, म्हणजे एमसीआर, यात तो तुरुंगात जातो. कळव्याचा असेल तर कोर्ट नाक्याजवळच्या ठाणे मध्यवर्ती कारागृहात. घरच्यांना ‘जेलमध्ये टाकलं’ हे ऐकून धक्का बसतो, पण जामिनाच्या दृष्टीने एमसीआर ही पुढची पायरी असते. मॅजिस्ट्रेटपुढे नेहमीच्या जामीन अर्जाचा रस्ता बहुधा तेव्हाच मोकळा होतो. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांच्या वर देता येत नाही. नव्या कायद्याने ते १५ दिवस सलग नसून पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येतात. आणि तपास पुरा होऊन दोषारोपपत्र, म्हणजे चार्जशीट, ६० दिवसांत, फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत आलं नाही, तर आरोपीला जामिनावर सुटण्याचा हक्क मिळतो. मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तो दोषारोपपत्र येण्याआधी.

जामीनपात्र आणि अजामीनपात्र या जोडीबद्दल लोकांचा सर्वात मोठा गैरसमज आहे. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही, असं नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो, पोलीस ठाण्यातच मिळतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो कोर्टाने विचार करून द्यायचा असतो. शिक्षा जास्त म्हणून गुन्हा अजामीनपात्र, असंही नाही. तुमचंच उदाहरण बघा. तुमच्या बाजूचं ११७(२) सात वर्षांपर्यंतचं असून जामीनपात्र आहे. भावावरचं ११८(१) तीन वर्षांपर्यंतचं असून नव्या कायद्यात अजामीनपात्र आहे. तक्ता उघडा म्हटलं ते याचसाठी.

मग अटकपूर्व जामीन घ्यावा का? तो फक्त अजामीनपात्र गुन्ह्यातच मागता येतो, म्हणजे भावाला मागता येईल. अर्ज ठाण्याच्या सत्र न्यायालयात. (खारघर-कामोठ्याच्या वाचकांसाठी: तुमचं पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं असलं तरी जिल्हा रायगड आहे, तुमची वाट पनवेलच्या कोर्टाकडे जाते.) ३५(३) ची नोटीस आली आहे आणि भाऊ हजर राहतोय, तोवर घाईने अर्ज टाकू नये असं माझं मत आहे. नोटीस दिली असल्याने अटकेची भीती नाही, असं सरकारी वकील सांगतात आणि अर्ज तिथेच निकाली निघतो.

माझं मत दोन कारणांनी बदलेल. पहिलं, कलमवाढ. शेजाऱ्याच्या अंतिम प्रमाणपत्रात फ्रॅक्चर आलं तर ११८(१) चं ११८(२) होतं, धोकादायक हत्याराने जबर दुखापत, आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. दुसरं, पुरवणी जबाब. मूळ फिर्यादीत नसलेली गळ्यातली चेन आठवड्याने पुरवणी जबाबात येते, हे मी अनेक भांडणांत पाहिलं आहे. मारहाण करून चेन ओढली म्हटलं की ती चोरी राहत नाही, जबरी चोरी होते, आणि पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली म्हटलं की दरोडा. बातमीत फोडलेल्या बंद घराला ‘दरोडा’ म्हणतात, ती खरं तर घरफोडी. पण आरोपीसाठी हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, त्यांच्यात वर्षानुवर्षांच्या कैदेचा फरक आहे. यातलं काही घडल्याचा सुगावा लागला तर त्याच दिवशी अर्ज तयार करा आणि निकाल होईपर्यंत अंतरिम संरक्षण मागा.

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस त्याच संध्याकाळी घरी आला, असं होत नाही. ‘एक किंवा दोन जामीनदार’ असा आदेश असला की जामीनदाराचं रेशनकार्ड, आधार, घरपट्टी किंवा पगाराचा कागद, आणि कोर्टाने मागितलं तर तहसीलदारांचा सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा, दाखला लागतो. म्हणून मंजुरीच्या वेळीच काही आठवड्यांसाठी तात्पुरत्या रोख जामिनाची विनंती करायची, पैसे भरून माणूस सोडवायचा आणि त्या मुदतीत जामीनदार उभा करायचा. जातमुचलका म्हणजे जामीनदाराशिवाय, स्वतःच्याच हमीवर.

भाऊ नोटिशीप्रमाणे जाईल तेव्हा त्याचा जबाब घेतील. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, हे कायद्यातच आहे. सही असते ती फिर्यादीवर आणि पंचनाम्यावर. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, पण त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू, समजा तो रॉड, सापडली तर तेवढ्यापुरतं सांगणं पुराव्यात येतं. त्याने खरं तेच सांगावं, ज्यातून आपल्यावरच आरोप येईल अशा प्रश्नाला उत्तर द्यायला तो बांधील नाही, आणि कोऱ्या कागदावर सही कोणत्याही परिस्थितीत करू नये.

या भांडणात चॅप्टर केसचीही नोटीस येऊ शकते, दोन्ही घरांना. ती सहायक पोलीस आयुक्तांच्या कार्यालयातून येते. कलम १२६ खाली एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचा बंध लिहून देण्याची ती कारवाई आहे. तो गुन्हा नव्हे, शिक्षाही नव्हे. बंध मोडला तर मात्र अंगाशी येतं.

तपास संपला की दोन वाटा. पुरावा आहे असं तपास अधिकाऱ्याला वाटलं तर दोषारोपपत्र, म्हणजेच चार्जशीट. भावाला अटकच झाली नाही तर ते ६० दिवसांत येईल असं धरून चालू नका, ती मुदत कोठडीतल्या आरोपीच्या जामिनाची आहे. पुरावा नाही असं वाटलं तर समरी. आपल्या महाराष्ट्रात तिचे तीन प्रकार आहेत. ‘ए’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही. ‘बी’ म्हणजे तक्रार खोटी, द्वेषाने केलेली. ‘सी’ म्हणजे खरीही नाही आणि खोटीही नाही, गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. समरी पाठवली म्हणजे केस संपली असं नाही. कोर्ट फिर्यादीला नोटीस काढून त्याचं म्हणणं ऐकतं, आणि समरी नाकारून पुढचा तपासही सांगू शकतं. तुमच्या गुन्ह्यात बी समरीची नोटीस आली तर त्या तारखेला लेखी हरकत घेऊन उभं राहिलंच पाहिजे.

दोषारोपपत्राच्या प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत, आरोप ठेवण्याइतकाही मजकूर नाही म्हणून डिस्चार्ज, म्हणजे खटला चालण्याआधीच सुटका, मागता येतो. साक्षीपुरावा होऊन सुटला तर ती निर्दोष मुक्तता. तोपर्यंत तो आरोपी आहे, गुन्हेगार नाही. नोकरीच्या फॉर्मवर ‘शिक्षा झाली आहे का’ आणि ‘गुन्हा प्रलंबित आहे का’ हे दोन वेगळे प्रश्न असतात. पहिल्याला नाही, दुसऱ्याला हो. लपवणं गुन्ह्यापेक्षा महागात पडतं.

शेवटचा प्रश्न, केस मागे घेण्याचा. पोलीस केस सरकार विरुद्ध आरोपी अशी असते, त्यामुळे फिर्यादीला ती मागे घेता येत नाही. काही गुन्हे मात्र तडजोडीचे असतात, त्यांची यादी कलम ३५९ मध्ये आहे. ११५(२) आणि ३५२ त्यात आहेत. ११७(२) कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतं. ११८(१) त्या यादीत नाही. म्हणून तुमचं जुळलं तर दोन्ही बाजूंनी मुंबई उच्च न्यायालयात कलम ५२८ खाली अर्ज करून, शेजाऱ्याचं संमतीचं प्रतिज्ञापत्र जोडून, गुन्हा रद्द करून घ्यावा लागेल. खासगी भांडणांत न्यायालय ते बहुधा मान्य करतं. फिर्यादीला स्वतः हजर राहून आपल्या मर्जीने संमती दिली हे सांगावं लागतं. तुमचा उलट गुन्हा नोंदला गेला असेल तर दोन्ही अर्ज एकदमच लावा, एक आधी मिटवून दुसरा मागे ठेवू नका. आणि तडजोडीचा कागद सोसायटीच्या ऑफिसात, पैसे देऊन-घेऊन, स्टॅम्पपेपरवर करून त्यावर विसंबू नका. त्याने गुन्हा रद्द होत नाही.

वकिलाचा खर्च झेपणार नसेल तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तुमच्या बाजूची फिर्याद तुम्ही स्वतः देणार असाल तर तुम्हालाही मिळेल. हेल्पलाइन १५१००.